जुन्या वाड्याचा बांधकाम-इतिहास कसा शोधावा

नागपूरच्या महाल, इतवारी किंवा जुनी शुक्रवारी या भागांत ज्यांचे जुने घर आहे, त्यांच्याकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळते, ते म्हणजे "आमचा वाडा भोसल्यांच्या काळातला आहे." हे वाक्य बहुधा खोटे नसते, पण अपुरे असते. वाड्यातली विहीर, मागच्या चौकाचे जोते, चार-दोन सागवानी खांब भोसल्यांच्या काळातले असू शकतात आणि उरलेले घर त्यानंतरच्या चार-पाच पिढ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे वाढवलेले, पाडलेले, पुन्हा उभारलेले असते. त्यामुळे "वाडा किती जुना?" हा प्रश्न बाजूला ठेवून "वाड्याचा कोणता भाग कोणत्या भागाच्या आधीचा?" हा प्रश्न हाती घ्यावा. आधी क्रम, मग साल. क्रम ठरला की साल शोधणे पुष्कळ सोपे होते. क्रमाशिवाय मिळालेले साल नेमके कोणत्या भिंतीला लावायचे हेच कळत नाही.

हे काम करायला वास्तुविशारद असण्याची गरज नाही. चिकाटी हवी, नजर हवी, आणि जे दिसले नाही ते न लिहिण्याची शिस्त हवी. शंभर-दीडशे वर्षे उभे असलेले घर यंत्र लागल्यावर दोन-तीन दिवसांत जमीनदोस्त होते आणि त्याबरोबर त्याच्या भिंतींत असलेली सगळी माहितीही जाते. म्हणून घर राहणार असो वा जाणार असो, त्याची नोंद व्हावी असे मला मनापासून वाटते.

सुरुवात घरातल्या माणसांपासून

एकत्र मालकीच्या वाड्यात कोणी मोजपट्टी बाहेर काढली, की पहिली शंका वाटणीची किंवा विक्रीची येते. म्हणून मोजणीच्या आधी घरातल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, वेगळ्या चुली असतील तर प्रत्येक चुलीला, आणि भाडेकरू असतील तर त्यांनाही, आपण काय करणार आहोत आणि त्याचा कागद कोणाकडे राहणार आहे हे स्पष्ट सांगावे. देवघरात आणि बायकांच्या वावराच्या खोल्यांत घरच्या माणसाला सोबत घेऊनच जावे. माडीच्या फळ्यांवर पाय ठेवण्यापूर्वी खालून तुळया पाहून घ्याव्यात. वाळवीने आतून पोखरलेली तुळई वरून धडधाकट दिसते.

सामान थोडे लागते: तीस मीटरची आणि पाच मीटरची मोजपट्टी, ओळंबा, चांगली बॅटरी, आलेखाचा कागद, शिसपेन्सिल आणि मोबाइलचा कॅमेरा. काम शक्यतो रंगकामाच्या आधी करावे. दिवाळीच्या तोंडावर लागलेला रंगाचा एक जाड थर भिंतीवरच्या बारीक खुणा बुजवून टाकतो.

आराखडा काढताना

एका मीटरला एक सेंटीमीटर या प्रमाणात प्रत्येक मजल्याचा वेगळा आराखडा काढावा. जुन्या घरातली खोली दिसायला चौकोनी असली तरी कोपरे काटकोनात असतीलच असे नाही, म्हणून चार बाजूंबरोबर दोन्ही कर्णही मोजावेत. खोल्यांच्या मापांपेक्षाही महत्त्वाची दोन मापे नवखा माणूस हमखास विसरतो. एक म्हणजे भिंतीची जाडी. दाराच्या किंवा खिडकीच्या चौकटीपाशी ती सहज मोजता येते. घराच्या मधोमध एखादी भिंत इतर आतल्या भिंतींच्या दुप्पट जाड निघाली, तर ती एके काळी बाहेरची भिंत असावी अशी दाट शंका घ्यावी. दुसरे माप जमिनीच्या पातळीचे. ओसरीतून माजघरात जाताना एक पायरी चढावी लागते आणि माजघरातून मागच्या खोलीत जाताना अर्धी पायरी उतरावी लागते, अशा ठिकाणी दोन वेगळ्या वेळची जोती एकमेकांना येऊन भिडलेली असण्याचा संभव मोठा असतो.

लाकडी सांगाड्याच्या घरात खोली मोजण्याचे जुने माप "खण" हे आहे. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. आराखड्यावर सगळे खांब ठळक ठिपक्यांनी दाखवावेत आणि खणांची मापे लिहावीत. मागच्या चौकाभोवती सगळे खण सारख्या मापाचे असतील आणि पुढच्या सोप्यात ते एकाएकी मोठे झाले असतील, तर तिथे सुतार बदलला, लाकूड बदलले किंवा काळ बदलला. मग वर माडीवर जाऊन पाहावे, की खालच्या प्रत्येक खांबावर वरचा खांब येतो का. ज्या खालच्या खांबावर काहीच येत नाही तो बहुधा पुढे कधीतरी टेकू म्हणून घातलेला असतो.

सांधा आणि भेग

माझ्या मते सगळ्या कामाचे मर्म इथे आहे. जेव्हा जुन्या भिंतीला नवी भिंत जोडली जाते, तेव्हा गवंडी क्वचितच जुन्या विटा काढून नव्या विटा त्यांत गुंफतो. बहुतेक वेळा नवी भिंत जुनीला नुसती टेकवली जाते. त्या जागी एक सरळ उभा सांधा राहतो. गिलाव्याखाली तो झाकला जातो, पण वर्षानुवर्षांच्या हालचालीने गिलाव्यावर त्याची रेघ उमटतेच.

नागपुरात मात्र एक अडचण आहे. शहराच्या मोठ्या भागाखाली काळी माती आहे, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया खोल नसलेल्या प्रत्येक जुन्या घराला भेगा असतात. भेगेला सांधा समजले की सगळा इतिहास चुकतो. दोहोंतला फरक असा: भेग तिरपी धावते, बहुधा खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून निघते, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक असते, आणि तिच्या दोन्ही कडा फाटलेल्या कागदासारख्या एकमेकींत बसतील अशा असतात. सांधा ओळंब्यात असतो, वरपासून खालपर्यंत साधारण सारख्याच रुंदीचा असतो, आणि गिलावा जिथे पडला असेल तिथे पाहिल्यास दोन्हीकडच्या विटांचे थर एका पातळीत येत नाहीत. हे पाहायला अंधार पडल्यावर बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडावा. दिवसा सपाट वाटणाऱ्या भिंतीवर बुजवलेले दार, भरलेला कोनाडा, काढून टाकलेल्या फळीची ओळ असे सगळे उठून दिसते. गिलावा खरवडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण गिलाव्याचे आणि रंगाचे थर हाही पुरावाच असतो आणि तो एकदाच वाचता येतो.

माझ्या आजोळच्या महालातल्या वाड्यात जिन्याखाली एक अंधारी खोली होती. तिथे जुने पितळी डबे, बंगईच्या साखळ्या आणि मोडकी पाळणी ठेवलेली असत. त्या खोलीच्या मागच्या भिंतीत एक खिडकी होती. लहानपणी तिच्यात आम्ही लपत असू, पण खिडकी अंधाऱ्या खोलीत का उघडते हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नव्हता. मोजणी करताना मी त्या चौकटीपाशी बॅटरी लावून बसलो. लोखंडी गज चौकटीत बसवलेले होते, उंबऱ्यासारखी खालची फळी अंधाऱ्या खोलीच्या बाजूला उतरती होती, आणि त्या बाजूची तिची कड झिजून तंतू वर आले होते, जसे वर्षानुवर्षे पाऊस अंगावर घेतलेल्या लाकडाचे येतात. खिडकीखालच्या भिंतीवर निळीच्या रंगाचा एक हात होता आणि त्यावरून पाण्याचे ओघळ उतरल्याच्या पांढुरक्या रेषा होत्या. बंद खोलीत पाऊस पडत नाही. म्हणजे ही भिंत एके काळी उघड्यावर होती, ही खिडकी रस्त्याकडच्या मोकळ्या जागेत उघडत होती, आणि जिना, अंधारी खोली, दर्शनी दिवाणखाना व त्यावरची माडी हे सगळे तिच्यापुढे नंतर उभे राहिले होते. निळीचा तो हात पुढे बाजूच्या भिंतीच्या मागे शिरत होता. रंग भिंतीच्या मागे लावता येत नाही. त्यामुळे बाजूची भिंत रंगानंतरची, याबद्दल शंका उरली नाही. एका खिडकीने घराचे दोन काळ वेगळे केले आणि त्यासाठी एकही कागद उघडावा लागला नाही.

लाकूड, कवेलू, लोखंड आणि सिमेंट

क्रम लागल्यानंतर साल शोधायला सामानाकडे वळावे. इथे एक नियम पक्का धरावा: एखाद्या वस्तूवरून भाग "याच्या आधीचा नाही" एवढेच कळते, "याच वर्षीचा" हे कळत नाही. वस्तू जुनी असून भाग नवा असू शकतो, कारण चांगले सागवान कोणी फेकत नाही. एका तुळईवर जिथे काहीच जोडलेले नाही अशा जागी रिकामी खोबण दिसली, किंवा कोरीव हस्त, म्हणजे खांबाच्या डोक्यावर तुळई तोलणारा लाकडी आधार, एका बाजूने अर्धवट कापलेला दिसला, तर ते लाकूड दुसऱ्या जागेवरून किंवा दुसऱ्या घरातून आलेले आहे. भोसल्यांचा काळ्या पाषाणाचा आणि लाकडी कोरीवकामाने सजलेला राजवाडा १८६४ साली आगीत जळाला, याची आठवण महालात अजून निघते. पण आपल्या घरातला कोरीव खांब तिथलाच, असे कागदाशिवाय लिहू नये.

लाकडाच्या न रंगवलेल्या बाजूवर करवतीच्या खुणा पाहाव्यात. दोन माणसांनी हाताने ओढलेल्या करवतीच्या रेघा सरळ पण कमीजास्त अंतराच्या असतात, तर यंत्राच्या गोल करवतीच्या खुणा एकामागोमाग एक कमानींसारख्या उमटतात. खिळ्यांचेही तसेच. लोहाराने घडवलेला खिळा चौकोनी, वरून ठोकून पसरवलेल्या डोक्याचा असतो. तारेचा गोल खिळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि त्यानंतर सर्वत्र पसरला.

छपराबाबत नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. हाताने घडवलेले नळीचे कवेलू दर वर्षी पावसाळ्याआधी फिरवावे लागत, त्यांतले फुटके बदलले जात, म्हणून त्यांच्यावरून छपराचे वय ठरत नाही. मंगळुरी कवेलू मात्र कारखान्यात साच्यातून निघतात आणि त्यांच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. बाझल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती संस्थेने मंगळूरला कवेलूंचा कारखाना १८६५ साली काढला. त्या मिशनच्या काही कवेलूंवर "१८६५" हाच आकडा उमटलेला असतो आणि पाहणारा तेच छपराचे साल समजतो. ते कारखाना स्थापन झाल्याचे साल आहे. पहिल्या महायुद्धानंतर हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, तेव्हा छाप कोणाचा आहे हे नीट वाचले तर काळाची एक हद्द मिळते. शिवाय रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली. त्याआधी जड सामान बैलगाडीने येई, म्हणून घरातले बहुतेक ओतीव लोखंड, गर्डर आणि कारखानी कवेलू त्यानंतरचे धरायला हरकत नाही.

लोखंडी गर्डर आणि त्यांच्यामधल्या विटांच्या लहान कमानींचे छत असेल, तर गर्डरच्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरे शोधावीत. रंगाखाली ती बुजलेली असतात. कागद ठेवून वर शिसपेन्सिल आडवी घासली की अक्षरे कागदावर उमटतात. "डॉरमन लाँग" हे इंग्लंडमधल्या मिडल्सब्रोच्या कंपनीचे नाव अनेक जुन्या इमारतींत सापडते. "टाटा" हे नाव असेल तर तो गर्डर १९१२ च्या आधीचा असू शकत नाही, कारण साकचीच्या, म्हणजे आताच्या जमशेदपूरच्या कारखान्यातून पोलाद त्या साली निघू लागले. आजोळच्या दिवाणखान्याच्या छतात मला याच नावाची चार इंग्रजी अक्षरे मिळाली, आणि "भोसल्यांच्या काळातला" दिवाणखाना एका दुपारी विसाव्या शतकात आला. मामांना ते पटायला वेळ लागला. अक्षरे त्यांनी स्वतः बोटाने चाचपून पाहिली तेव्हा पटले.

सिमेंट आणखी अलीकडचे आहे. भारतात पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि लगेच त्या वेळच्या मध्य प्रांतातल्या कटनीचा कारखाना उभा राहिला. त्यामुळे मूळ बांधणीतच, म्हणजे विटांच्या मधल्या दर्जांत, करडे कडक सिमेंट असेल तर तो भाग साधारण पहिल्या महायुद्धानंतरचा. दर्जांवर वरून फासलेले सिमेंट ही दुरुस्ती. तिच्यावरून भिंतीचे वय काढू नये. चुना-सुरखीची भिंत नखाने थोडी खरवडते, तिच्यात विटकरीचे तांबडे कण आणि न विरलेल्या चुन्याचे पांढरे ठिपके दिसतात.

दगडाबाबत थोडक्यात: सीताबर्डीच्या टेकडीसारखा काळा पाषाण आणि कामठीकडचा पिवळट वालुकाश्म हे दोन्ही नागपूरच्या इमारतींत दिसतात. एकाच जोत्यात काळ्याच्या वर एकाएकी पिवळा थर सुरू झाला, तर त्याची नोंद करावी.

इंग्लंडच्या घरांकडून काय शिकावे

घर वाचण्याच्या या पद्धतीचा मोठा सराव इंग्लंडमधल्या जुन्या शहरी घरांवर झालेला आहे, आणि तिथली दोन-तीन उदाहरणे आपल्याला नेमक्या चुकांपासून वाचवतात. तिथल्या अनेक गावांत रस्त्यावरून अठराव्या शतकातले वाटणारे, विटांच्या सरळ दर्शनी भिंतीचे आणि एका ओळीत खिडक्या असलेले घर आतून त्याहून कितीतरी जुन्या लाकडी सांगाड्याचे निघते. मालकाने घर पाडले नाही, फक्त पुढचा चेहरा काळाप्रमाणे बदलला. हे रस्त्यावरून कळत नाही. छपराखालच्या माळ्यावर आणि तळघरात कळते, कारण त्या जागा सजवायला कोणी पैसे खर्च करत नाही. आपल्याकडेही दिवाणखान्यापेक्षा पोटमाळा, जिन्याखालची जागा आणि न्हाणीमागची भिंत अधिक खरे बोलतात.

दुसरे उदाहरण कायद्याचे. १६६६ च्या आगीनंतर लंडनमध्ये घरबांधणीचे कडक कायदे आले. १७०९ पासून खिडकीची लाकडी चौकट भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून किमान चार इंच आत बसवणे बंधनकारक झाले आणि १७७४ च्या कायद्याने घरांच्या चार श्रेणी ठरवून दिल्या. त्यामुळे लंडनमध्ये चौकट भिंतीच्या पृष्ठाशी समतल असेल तर घर १७०९ च्या आधीचे असावे, असा अंदाज बांधता येतो. पण हा कायदा लंडन आणि वेस्टमिन्स्टरपुरता होता; बाहेरच्या गावांत जुनी पद्धत पुढे कितीतरी वर्षे चालू राहिली, आणि हे विसरून गावातल्या घराला लंडनचे साल लावणारा फसतो. आपणही पुण्याच्या वाड्यांवरून शिकलेले ठोकताळे नागपूरच्या घराला जसेच्या तसे लावू नयेत. इथला सुतार वेगळा, लाकूड जवळच्या चांदा-शिवनीच्या जंगलातले, आणि घर मागणारा मालकही वेगळ्या चालीरीतींचा.

तिसरे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. इंग्लंडमध्ये १६९६ ते १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, आणि तो चुकवण्यासाठी लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. आता तिथे कुठलीही बुजलेली खिडकी दिसली की तिचे कारण कर, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात त्यांतल्या कित्येक खिडक्या कधी उघड्या नव्हत्याच. दर्शनी भागाचा तोल सांभाळण्यासाठी त्या पहिल्या दिवसापासून आंधळ्या बांधल्या होत्या. फरक सांध्याने कळतो. बुजवलेल्या खिडकीच्या विटा बाजूच्या भिंतीत गुंफलेल्या नसतात, आंधळ्या खिडकीच्या असतात. लोकप्रिय कारण ऐकल्यावरही भिंतीपाशी जाऊन विटा पाहणे, हे तिथल्या चांगल्या अभ्यासकांकडून उचलण्यासारखे आहे.

कागद कुठे आणि कसे पाहावेत

घर पाहून झाल्याशिवाय कागदांकडे जाऊ नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण कागदात काय शोधायचे हे घर सांगते.

पहिला कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातली आखीव पत्रिका. तिच्यावर भूखंडाचा क्रमांक, क्षेत्र, धारणेचा प्रकार आणि फेरफार असतात. घर कधी बांधले हे ती सांगत नाही, पण भूखंड केव्हा तुटला आणि कोणाकडे गेला हे सांगते. सोबतच्या नकाशावरची भूखंडाची हद्द आपल्या आराखड्यावर बसवून पाहावी. हद्दीतला एखादा विनाकारण वाटणारा कोपरा पुष्कळदा जुन्या बोळाची किंवा सामाईक विहिरीची आठवण असतो.

बांधकामाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा कागद म्हणजे वाटणीपत्र. भावाभावांत वाटणी होताना घर खोलीखोलीने, खणाखणाने लिहिले जाते: चौकाच्या पूर्वेची तीन खणांची ओसरी अमक्याची, त्यावरची माडी तमक्याची, विहिरीचे पाणी दोघांचे, जिन्याची वाट सामाईक. असे वाटणीपत्र हातात घेऊन चौकात उभे राहावे आणि एकेका ओळीवर बोट ठेवून ती जागा आज कुठे आहे ते पाहावे. आमच्या आजोळच्या वाटणीपत्रात दिवाणखान्याचा उल्लेखच नव्हता. त्या जागी "रस्त्याकडील मोकळी जागा, बैल बांधण्याची" असे शब्द होते. अंधाऱ्या खोलीतली खिडकी त्या मोकळ्या जागेत उघडत होती.

खरेदीखत आणि गहाणखत यांतल्या चतुःसीमाही नीट वाचाव्यात. शेजाऱ्याच्या खरेदीखतात आपले घर एका बाजूची सीमा म्हणून येते आणि कधी कधी आपल्याच कागदांत नसलेली माहिती, जसे "दक्षिणेस अमक्यांची दुमजली इमारत", तिथे मिळते. नोंदणी झालेल्या दस्तांची सूची दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नावावरून आणि मिळकतीवरून अशी दोन प्रकारे लावलेली असते. नागपूरची नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली आणि महानगरपालिका १९५१ पासून आहे. घरटॅक्सच्या जुन्या आकारणी नोंदी जपल्या गेल्या असतील तर मजले, खोल्या आणि आकारणीतली एकदम झालेली वाढ यांवरून बांधकामाचा काळ निघतो. वारसा वास्तूंच्या यादीत आपले घर आहे का हेही महानगरपालिकेत विचारून घ्यावे, कारण असल्यास दुरुस्तीला वेगळी परवानगी लागते.

इंग्रजी अमलाआधीचे कागद मोडीत असतात. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. त्याआधीची सनद किंवा कबाला, म्हणजे मालकीचा दस्त, घरात असेल तर मोडी जाणणाऱ्याकडून तो आधी पूर्ण वाचून घ्यावा आणि मूळ कागद कधीही हातातून सोडू नये. पुराभिलेख संचालनालयाच्या नागपूर शाखेतही जुन्या सरकारी कागदांची चौकशी करता येते. मोडी कागदांवरचे साल बदलून घेताना काळजी घ्यावी: शके असेल तर ७८ मिळवावेत, म्हणजे शके १७६० चे इसवी सन १८३८ होते, आणि वर्षाच्या शेवटच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ७९. फसली असेल तर ५९०, आणि सुहूर सन असेल तर ५९९. सुहूर सन आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत, खमस, सीत, सबा, समान असे लिहिलेले असते, आणि ते माणसाचे नाव समजून सोडून दिले जाते.

म्हातारी माणसे आणि लग्नाचे फोटो

घरातल्या आजीला "ही खोली कधी बांधली?" असे विचारू नये. उत्तर "फार जुनी आहे" असेच येईल. त्याऐवजी "तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा न्हाणी कुठे होती? जाते कुठे होते? उन्हाळ्यात पुरुषमाणसे कुठे झोपत? नळ आला तेव्हा विहिरीवरचा रहाट कोणी काढला?" असे विचारावे. माणसाला साल आठवत नाही, पण आपण पाणी कुठून कुठे वाहिले हे शेवटपर्यंत आठवते. उत्तर देताना आजीला शक्य असेल तर त्या जागेवर घेऊन जावे. पाय त्या जागी पोचले की आठवण आपोआप सुटते.

लग्नाच्या आणि मुंजीच्या फोटोंत माणसांकडे पाहू नये, त्यांच्या मागे पाहावे. चौकात जाजम टाकून सगळे कुटुंब बसलेले असते आणि मागे छपराची कड, खांबाचा रंग, खिडकीचे गज, नसलेला जिना दिसतो. आमच्या आजीच्या लग्नाचा फोटो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा आहे, आणि त्यात वराकडची मंडळी दिवाणखान्याच्या गर्डरखाली बसलेली आहेत. १९१२ च्या आधी नाही आणि त्या लग्नाच्या नंतर नाही, एवढ्या अंतरात दिवाणखाना आला. याहून नेमके साल मी लिहिले नाही, कारण ते दाखवणारे काहीही हाती नव्हते.

लिहून काढणे

घराचा एकच आराखडा तीन-चार वेळा काढावा आणि प्रत्येक वेळी फक्त त्या टप्प्यापर्यंत उभे असलेले भाग काळ्या रेषेने व बाकीचे फिकट ठेवावे. मजकुरात प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहावा: सांधा, रंगाचा थर, गर्डरचा छाप, वाटणीपत्र, आजीची आठवण. नक्की काय आणि संभाव्य काय हे वेगळ्या शब्दांत लिहावे. प्रत्येक फोटोत माप कळावे म्हणून पट्टी ठेवावी, आणि फोटो कोणत्या खोलीतून कोणत्या दिशेला घेतला हे आराखड्यावर बाणाने दाखवावे. अलीकडचे बदलही सोडू नयेत. कूलर बसवण्यासाठी खिडकीचे गज कापले, पंख्यासाठी तुळईला भोक पाडले, रस्ता रुंद झाला तेव्हा ओटा गेला, हे सगळे घराच्या इतिहासातलेच टप्पे आहेत आणि पुढच्या पिढीला तेच सर्वांत अवघड जातील, कारण त्यांचे कागद कोणी करत नाही. शेवटी पाहणीच्या तारखा, मोजणाऱ्यांची नावे आणि कोणत्या खोल्यांत जाता आले नाही हे लिहून कागदी प्रत घरातल्या प्रत्येक चुलीला एक अशी द्यावी. आजोळच्या वाड्याच्या प्रतीत सर्वांत मागचा कागद अंधाऱ्या खोलीतल्या खिडकीचा आहे, पूर्ण मापासह, तिच्या झिजलेल्या फळीचे दोन फोटो लावून.